श्रमलेल्या देहाचे शिक्षण

(महाड येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपले सारे आयुष्य या मुलुखातील मुलांना अक्षरओळख करून देण्यात वेचले. अशा प्रसंगी वक्त्याने साहित्य, इतिहास किंवा राजकारण यांपैकी एखादा विषय घ्यावा अशी येथील वहिवाट आहे. ती सोडून मी आज देहाविषयी, आणि तोही रोजच्या कामाने शिणलेल्या सर्वसामान्य माणसाच्या देहाविषयी बोलणार आहे, याबद्दल प्रारंभीच आपली अनुज्ञा मागतो. माझे प्रतिपादन असे की, सावकाश, अल्प बळाने आणि पूर्ण अवधान ठेवून केलेल्या साध्या हालचाली हे एक शिक्षण आहे. त्या शिक्षणाने देहाची ताठरता उतरते आणि मन निवते. आणि ज्या मुलुखात श्रम उदंड आहेत, पण श्रमानंतर अंग सैल कसे सोडावे हे कोणी कधी शिकविलेले नाही, त्या महाड-पोलादपूरसारख्या मुलुखाला त्याची गरज मोठ्या शहरांहून अधिक आहे.

कष्ट करणाऱ्या माणसाला आणखी व्यायाम कशाला, असा प्रश्न मला या दोन तालुक्यांत पुष्कळांनी विचारला आहे, आणि प्रश्न रास्त आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूरवरून महाडकडे उतरणाऱ्या सावित्रीच्या दोन्ही अंगांना ज्या वाड्या वसल्या आहेत, तेथील एखाद्या स्त्रीच्या वर्षाचा तपशील मांडून पाहावा. आषाढाच्या झडीत राबातील रोपे उपटावयाची, त्यांच्या जुड्या बांधावयाच्या, आणि चिखलात पाय रोवून, कमरेतून वाकून, पाठीवर इरले घेऊन दिवेलागणीपर्यंत लावणी करावयाची. पुढे बेणणी, कापणी, झोडणी. हिवाळ्यात रानातून मोळ्या आणावयाच्या. आणि चैत्र-वैशाखात विहिरींनी तळ गाठला की हंड्यावर हंडा ठेवून चढउताराची वाट तुडवावयाची. अशा देहाला हालचालीची वाण नाही हे उघड आहे. परंतु श्रमात माणसाचे लक्ष कामावर असते, देहावर नसते. काम उरकणे हा तेथील एकमेव हिशेब असतो, आणि तो उरकण्यासाठी देह आपले मोजके स्नायू त्याच त्या रीतीने पुन्हा पुन्हा राबवितो. संध्याकाळी काम थांबते, पण ते स्नायू थांबत नाहीत. मग कंबर धरते, उसण भरते, मान वळेनाशी होते, आणि घरात बामाची बाटली व दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी ही मिठामिरचीसारखी नित्याची जिन्नस होऊन बसते. औद्योगिक वसाहतीत पाळ्यांनी काम करणाऱ्या तरुणाची, किंवा उमेदीची वर्षे मुंबईत उभ्याने काढून गावी परतलेल्या चाकरमान्याची हकीकत याहून फारशी वेगळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती, आणि माणसाला कामावाचून बसविणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला आहे. कंबरदुखी ही खुर्चीत बसणाऱ्यांची व्याधी आहे, असे मानणाऱ्यांनी लावणीच्या शेवटच्या दिवशी एखाद्या वाडीत जाऊन यावे.

थांबलेल्या कामानंतरही स्नायू का थांबत नाहीत, याचा उलगडा शरीरशास्त्राने बऱ्याच अंशी केला आहे. आपल्या प्रत्येक स्नायूत सूक्ष्म संवेदकांचे जाळे असते, आणि कोणता अवयव कोठे आहे, किती ताणला आहे, याची वर्दी ते मज्जारज्जूच्या मार्गे मेंदूकडे अखंड पाठवीत असतात. डोळे मिटूनही आपला हात बिनचूक नाकाशी पोहोचतो तो या वर्दीमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांनी या अंतःसंवेदनेचा पद्धतशीर अभ्यास केला आणि मज्जापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एखादा ताण वर्षानुवर्षे तसाच राहिला की त्याची वर्दी येत असूनही तिच्याकडे लक्ष जात नाही. खांदे कानाशी चढलेले असतात आणि माणसाला ते खाली आहेत असेच वाटते. त्याला अंग सैल सोडण्यास सांगितले तर तो प्रामाणिकपणे म्हणतो, सैलच आहे की. अमेरिकेतील टॉमस हॅना यांनी, जे मूळचे तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते, या विस्मरणालाच अनेक जुनाट दुखण्यांचे मूळ मानले आणि त्यावरचा उपाय स्मरण हाच असणार असे प्रतिपादन केले. हॅनांच्या सिद्धान्ताचा प्रत्येक तपशील शास्त्राने कबूल केला आहे असे नाही. पण जे उरते तेवढे आपल्या कामाला पुरेसे आहे.

हे स्मरण जोर लावून होत नाही. एकोणिसाव्या शतकात लाइपझिगचे एर्न्स्ट वेबर यांनी दाखविले की, ओझे जितके मोठे, तितका त्यातील फरक जाणवण्यासाठी तो फरकही मोठा असावा लागतो. डोईवर मणाचा भारा घेतलेल्या बाईच्या भाऱ्यात कोणी मागून एक काडी खोवली तर तिला ती कळत नाही. मोकळ्या हातावर ठेवलेली तीच काडी तत्काळ कळते. ज्याला आपल्या देहातील सूक्ष्म ताण ओळखावयाचे आहेत त्याने म्हणूनच आधी बळ कमी केले पाहिजे, वेग कमी केला पाहिजे, हालचाल लहान केली पाहिजे. जोराने केलेल्या व्यायामाचे फायदे निराळे आहेत आणि ते मला मान्य आहेत. हृदय, फुप्फुसे, हाडे यांना तो हवाच. येथे ज्या कार्याविषयी मी बोलतो आहे ते ओळखीचे कार्य आहे, आणि ओळख गर्दीत होत नाही.

हा विचार बाहेरून आणून आपल्यावर लादला जात आहे, असे कोणास वाटू नये, म्हणून याच परिसरातील तीन ठिकाणांकडे मी आपले लक्ष वेधतो. महाडच्या वेशीशी, गांधारपाल्याच्या डोंगरात, प्राचीन बौद्ध लेणी आहेत. तेथील एका लेखात विष्णुपालित नामक कुमाराचे नाव आले आहे. त्या लहान कोठड्यांतील दगडी ओट्यांवर ज्यांनी पावसाळे काढले त्या भिक्षूंच्या धर्मपरंपरेत श्वासाकडे, चालण्या-उभे राहण्याकडे, बसण्या-निजण्याकडे, हात लांबविण्याकडे आणि आखडण्याकडेसुद्धा जाणीवपूर्वक पाहणे ही साधनेची पहिली पायरी मानली आहे. सतिपट्ठान सुत्त या नावाने ती शिकवण प्रसिद्ध आहे, आणि देहापासून आरंभ करून चित्ताकडे जाणे हा तिचा क्रम आहे.

दुसरे ठिकाण शिवथरघळ. १९३० साली धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थांची ही घळ पुन्हा प्रकाशात आणली, आणि दासबोधाचे लेखन येथे झाले अशी श्रद्धा असल्यामुळे आज तेथे लोकांची रीघ असते. समर्थ परंपरेने बलोपासनेला जे स्थान दिले त्याविषयी मला नितांत आदर आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळाशाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो याच महाराष्ट्रात. परंतु ती उपासना धडधाकट तरुणाच्या मापाने बेतलेली आहे. गुडघे झिजलेल्या आजीला किंवा अपघातानंतर काठी धरून चालणाऱ्या गृहस्थाला ती कवाड उघडीत नाही.

तिसरे ठिकाण चवदार तळे, आणि येथे मला थोडे थांबावयाचे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ही घटना आपण सर्वजण जाणतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भरलेल्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी येथे जमलेल्या स्त्रियांशी जे भाषण केले त्याची आठवण मात्र त्या मानाने कमी होते. त्या भाषणात त्यांनी लुगडे नेसण्याच्या रीतीविषयी, आणि अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर वागवाव्या लागणाऱ्या जडशीळ दागिन्यांविषयी सांगितले. ती रीत बदला, ते दागिने टाका, असा त्यांचा आग्रह होता. कायद्याचा एवढा मोठा पंडित, मनुष्याच्या हक्कांचा लढा ऐन भरात असताना, वस्त्र आणि अलंकार यांकडे का वळला? मला जे उत्तर दिसते ते असे की, मान खाली घालून, अंग चोरून, वाटेच्या कडेने चालण्याची सक्ती पिढ्यान्‌पिढ्या झाली की ती सक्ती स्नायूंत मुरते, आणि सक्ती करणारा समोर नसतानाही देह ती पाळीत राहतो. देहाचे वळण आणि मनाचे वळण ही दोन दफ्तरे वेगळी नाहीत, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने येथे, या गावात, ओळखले होते. हेही लगेच सांगतो की, ती वाकलेली मान सरळ झाली ती हक्कांच्या लढ्याने. कोणत्याही हालचालींच्या अभ्यासाने झाली असती, असे म्हणणे हा त्या लढ्याचा अवमान ठरेल. न्यायाच्या जागी विश्रांती देता येत नाही. पण ज्याला न्याय मिळाला, त्याच्या देहालाही तो मिळाल्याची खबर पोहोचावी लागते.

आधुनिक काळात या विषयाला शास्त्राची बैठक देण्याचा मान ज्यांच्याकडे जातो ते पुरुष महाराष्ट्रीय होते. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ चा. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले, पुढे माळसरच्या माधवदास महाराजांकडे योगाभ्यास केला, आणि १९२४ साली लोणावळ्यास, आपल्याच सह्याद्रीच्या माथ्यावर, कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रियांत पोटाच्या पोकळीतील दाब किती उतरतो हे त्यांनी यंत्राने मोजले, क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली, आणि जे मोजता येत नाही त्याचा दावा करू नये ही शिस्त या क्षेत्रात प्रथम घालून दिली. १९२७ मध्ये गांधीजींची प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता. आसन म्हणजे हिसके आणि ओढाताण नव्हे, ते सावकाश घ्यावयाचे, सुखाने ठेवावयाचे आणि सावकाश सोडावयाचे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा पतंजलींच्या विचाराशी तंतोतंत जुळतो. कारण आसन सिद्ध होते ते प्रयत्न शिथिल केल्याने, असे योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात पतंजलींनी सुचविले आहे. आजच्या योगवर्गांतून हा शैथिल्याचा भाग बहुधा गळून पडतो आणि शेजाऱ्यापेक्षा अधिक वाकण्याची चढाओढ उरते, हे मला फार दुःखाचे वाटते.

पश्चिमेत हाच शोध निराळ्या वाटांनी लागला, आणि त्यातील बहुतेक संशोधक स्वतःच्याच दुखण्याने त्या वाटेला लागले होते. फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर, जन्म १८६९, हा टास्मानियातील काव्यवाचक; रंगमंचावर त्याचा आवाज बसू लागला आणि वैद्यांच्या औषधांनी गुण येईना, तेव्हा त्याने आरशांसमोर उभे राहून आपल्या बोलण्याचे निरीक्षण आरंभिले. त्याला दिसले की पहिला शब्द उच्चारण्याच्या आधीच, केवळ बोलण्याच्या विचारानेच, आपण डोके मागे खेचतो, गळा दाबतो आणि श्वास ओढून घेतो. ही खेच घालविण्यासाठी त्याने नवे काही करण्याऐवजी, ती उमटण्याच्या क्षणी थांबावयास स्वतःला शिकविले. आवाज परत आला, आणि १९०४ साली तो लंडनला जाऊन तेथे ही विद्या शिकवू लागला. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९७३ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात या पद्धतीची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पोलादपूर तालुक्यात वारकरी संप्रदाय घराघरांत रुजलेला आहे, सप्ताह आणि कीर्तने येथे वर्षभर चालतात. रात्र-रात्र उभे राहून ज्यांना गावे-बोलावे लागते आणि ज्यांचा घसा सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी बसतो, अशा आपल्या कीर्तनकारांनी अलेक्झांडरची ही हकीकत अवश्य अभ्यासावी. वारकऱ्यांची पावली हीसुद्धा माझ्या दृष्टीने याच कुळातील आहे: पाऊल पुढे, पाऊल मागे, बळ थोडे, लय संथ, आणि म्हातारा माणूसही तरुणाच्या बरोबरीने तासभर टिकतो.

बर्लिनची एल्सा गिंडलर गरीब कामगार कुटुंबातली. तरुणपणी तिला क्षय जडला, डोंगरावरील आरोग्यधामाचा खर्च झेपणारा नव्हता, आणि आपल्या श्वासाकडे दिवसेंदिवस लक्ष देऊन तिने दुखऱ्या फुप्फुसाला विसावा देण्याचा अभ्यास केला व ती बरी झाली, असे तिच्या शिष्यपरंपरेत सांगतात. क्षयावर आज खात्रीची औषधे आहेत आणि ती पूर्ण मुदतीपर्यंत घेतलीच पाहिजेत, हे येथे बजावून ठेवतो. मोशे फेल्डेनक्राइस हे पॅरिसला जोलिओ-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले पदार्थविज्ञ आणि ज्यूदोचे जाणकार. गुडघ्याच्या जुन्या दुखापतीने त्यांना चालणे अशक्य होऊ लागले, तेव्हा त्यांनी आपले चालणे आरंभापासून पुन्हा शिकावयाचे ठरविले. वेबरचा नियम हालचालींना लावण्याचे श्रेय त्यांचे; मघाशी ज्यांचा उल्लेख केला ते हॅना त्यांचेच विद्यार्थी.

फेल्डेनक्राइस यांच्या पाठांची एक विशेषता मला आपल्या शिक्षणपद्धतीच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. शिक्षक करून दाखवीत नाही, केवळ बोलतो. शिकणारा जमिनीवर निजलेला असतो आणि जे ऐकले ते आपल्या देहात शोधतो. आमच्या शाळांतून कवायत शिकविली जाते ती शिट्टीवर आणि हुकमावर, रांगेतल्या पुढच्याकडे पाहून; आणि मी स्वतः आयुष्यभर शारीरिक शिक्षणाचा अध्यापक असल्यामुळे त्या कवायतीचे मोलही जाणतो. पण तेथे मूल दुसऱ्याचा देह पाहते. स्वतःचा देह आतून पाहण्याचा तास वेळापत्रकात कोठेही नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. जमिनीवर गोधडी अंथरून उताणे निजावे, गुडघे उभे करावे, तळपाय टेकलेले असावेत. प्रथम काहीही करू नये. पाठीचा कोणता भाग जमिनीला लागला आहे, कोणता अधांतरी आहे, एक खांदा दुसऱ्याहून जड पडला आहे काय, श्वास पोटात उतरतो की छातीतच अडतो, याची मनाशी पाहणी करावी. मामलेदार कचेरीतील जुना कारकून ज्या अलिप्तपणे जमिनीची पाहणी लिहून घेई, चांगली की वाईट हे न ठरविता, तशीच. मग श्वास आत घेताना माकडहाड जमिनीकडे दाबले जाऊन कमरेचा खळगा बोटभर उचलू द्यावा, आणि श्वास सोडताना तीच कमर हळूहळू जमिनीवर टेकू द्यावी. बोटभर म्हणजे बोटभरच. जेवढे करता येईल त्याच्या निम्मे. काही वेळा असे केले की थांबावे, पाय लांब करावे, आणि पाठ आता जमिनीवर कशी पडली आहे ते पुन्हा पाहावे. हे थांबणे अभ्यासाचा अर्धा भाग आहे, कारण झालेला बदल तेव्हा ध्यानात येतो. जे लोक थांबत नाहीत त्यांना लाभही थोडा होतो असे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. पुढे दोन्ही गुडघे एकत्र ठेवून ते थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे झुकू द्यावेत आणि मान त्यांच्या उलट दिशेला आपखुशीने वळू द्यावी. कधी आधी स्नायू जाणूनबुजून हलकेच आवळावा आणि मग अतिशय सावकाश, धाग्याधाग्याने, सोडावा. मांजर झोपेतून उठताना आणि माणूस आळोखेपिळोखे देताना निसर्गतः हेच करतो. दुखू लागण्याच्या अलीकडेच थांबावे, दात-ओठ आवळले गेले की बळ अधिक झाले असे समजावे, आणि उठताना एकदम ताडकन न उठता कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे. पंचवीस-तीस मिनिटांचा हा पाठ आहे. ज्यांनी तो प्रथमच केला आहे त्यांच्या तोंडून मी बहुधा एकच उद्गार ऐकला: पाठ रुंद झाल्यासारखी वाटते.

आपल्या भगिनींना हे नव्याने शिकवावे लागेल, असे मात्र मी सरसकट मानीत नाही. १९८६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात केनियातील स्त्रियांवरचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. डोक्यावर किंवा कपाळाला अडकविलेल्या पट्ट्यावर ओझे वाहण्याची बालपणापासून सवय असलेल्या त्या स्त्रिया आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके ओझे, रिकामे चालताना लागते त्याहून अधिक शक्ती खर्च न करता वाहून नेतात, असे त्यात आढळले. हंडे डोक्यावर घेऊन न हिंदकळता उतार उतरणाऱ्या आपल्या बायकांच्या मानेत आणि कण्यात अशीच काही विद्या असली पाहिजे, असे मला त्यांच्या चालीकडे पाहून वाटते. मात्र तिचा गौरव करताना, नळ घरापर्यंत आला पाहिजे ही मागणी एका अक्षरानेही सौम्य होता कामा नये.

मनाविषयी बोलताना मला अधिक जपून बोलले पाहिजे, कारण या सभागृहात असे श्रोते असतील ज्यांच्या दुःखाला शब्द लावण्याचा मला अधिकार नाही. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे डोंगर खचले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर प्रवाशांसह एसटीच्या गाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही घरे गाडली गेली, आणि महाड शहर पाण्याखाली होते. त्यानंतर पावसाचा जोर रात्री वाढला की कित्येक घरांतून दिवे लागतात. भय ही केवळ मनाची गोष्ट नाही, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखविले: भयाच्या क्षणी हृदय धडधडते, पचन थबकते, स्नायू लढण्या-पळण्यासाठी आवळले जातात. संकट टळले की हे सारे ओसरावयाचे असते. परंतु ज्याचे संकट दर पावसाळ्यात नव्याने दाराशी येते त्याचा देह पहाऱ्यावरच राहतो, पोट घट्ट, खांदे वर, श्वास उथळ. अशा देहाला भिऊ नकोस असा उपदेश करून उपयोग होत नाही, कारण स्नायूंना उपदेश कळत नाही. त्याला कळतो तो श्वास. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हा मज्जासंस्थेचा स्वभाव आहे. म्हणून उच्छ्वास लांबवीत, पाठीखालच्या जमिनीचा आधार जाणवून घेत, लहान हालचाल करीत राहिले असता पहारा थोडा थोडा सैल होतो. ज्यांच्यावर आघात खोल झाला आहे त्यांनी डोळे उघडे ठेवून, बसून, सोबतीला माणूस घेऊन हे करावे; देहाकडे लक्ष नेताच आठवणी उसळून येत असतील तर तेथेच थांबावे आणि मनोविकारतज्ज्ञाची मदत घ्यावी. आणि डोंगराखालच्या वस्तीचे पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. ती कोणाच्याही श्वासावर टाकता येणार नाही.

या अभ्यासाचा पुरावा किती, याचीही खातरजमा सुज्ञ श्रोत्याने करून घ्यावी. २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ५७९ रुग्ण होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांना एका वर्षानंतर चार आठवड्यांत साधारणतः २१ दिवस दुखत होते. ज्यांनी अलेक्झांडर पद्धतीचे २४ पाठ घेतले त्यांचे दुखण्याचे दिवस त्याहून १८ने कमी भरले. सहा पाठ आणि सोबत रोजचे चालणे, एवढ्यानेही लाभाचा मोठा हिस्सा पदरात पडला. हे पाठ प्रशिक्षित शिक्षकाने एकेका रुग्णाला दिलेले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. समाजमंदिरातील सामुदायिक वर्गाला तेच फळ येईल असे त्यावरून सिद्ध होत नाही. उलट, २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने निसर्गोपचारांचा जो आढावा प्रसिद्ध केला त्यात फेल्डेनक्राइस पद्धतीसह बहुतेक पद्धतींना पुरेसा भक्कम पुरावा आढळला नाही. तेव्हा या अभ्यासाने मधुमेह जातो, सांधे नवे होतात, असे सांगणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नका. पाय बधिर किंवा लुळा पडत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर गोधडी गुंडाळून ठेवावी आणि तडक रुग्णालय गाठावे.

इतके सांगूनही एक अडचण उरते, आणि माझ्या अनुभवात ती सर्वांत मोठी आहे. आमच्या घरांतून बाई भरदिवसा आडवी झालेली चालत नाही. ती आजारी असेल तर निजते, एरवी निजली तर आळशी ठरते. सासू बोलत नसली तरी शेजारीण बोलते, आणि कोणीच बोलले नाही तरी तिचे तिलाच अपराध्यासारखे वाटते. पुरुषाने पारावर दोन तास घालविले तर त्याचा हिशेब कोणी मागत नाही. ज्या हालचाली शिकण्यास पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, वयाची अट नाही, त्या आमच्या वाड्यांतून पसरत नाहीत याचे सर्वांत मोठे कारण हे आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो. आणि ते कारण वैद्यकीय नसल्यामुळे त्यावरचा इलाजही घरातल्या माणसांनीच करावयाचा आहे.

म्हणून या दोन्ही तालुक्यांतील ग्रामपंचायतींपुढे माझी दरखास्त अशी की, यंदाची लावणी आटोपल्यावर, गौरी-गणपतीच्या गडबडीआधी, गावातील समाजमंदिर किंवा शाळेची एक खोली रोज दुपारी अर्धा तास बायकांसाठी मोकळी ठेवावी. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या प्रमुख स्त्रिया यांनी हा पाठ प्रथम शिकून घ्यावा व मग आपापल्या वाडीत सांगावा. कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी पाळी सुरू होण्यापूर्वी कामगारांना पाव तास द्यावा. खोली झाडलेली असावी, तिचे दार आतून लावता यावे, आणि किल्ली बायकांच्याच हाती असावी. त्या अर्ध्या तासात घरच्या माणसांनी चूल, गुरे आणि लहान मूल सांभाळावे. जेथून बोलावणे येईल तेथे शिकविण्यास मी येईन. मानधन नको, एक गोधडी पुरे.